बंद करून पुन्हा चालू करा

बीर लहमर या खाणीच्या गावच्या शाळेतल्या संगणकांच्या खोलीत एक सायकलचा पंप असायचा. आमच्या गावात फॉस्फेटची धूळ पोचत नाही अशी जागा नाही. ती चहाच्या पेल्यावर बसते, वाळत घातलेल्या मिरच्यांवर बसते, आणि संगणकाच्या पंख्यात तर संसारच थाटते. म्हणून दर शनिवारी आमचे मास्तर सी लझहर एकेका संगणकाचं झाकण काढायचे, पंपाची नळी आत धरायचे आणि आमच्यापैकी कुणाला तरी म्हणायचे, "मार गं हवा. पण हळू. टायर नाहीये तो." करडा धुरळा उठायचा आणि खिडकीतून, जिथून आला होता तिथे परत जायचा.

शाळेत आम्ही त्यांना फ्रेंचमध्ये मस्यू म्हणायचो, रस्त्यावर मानाने सी लझहर. उंच आणि थोडा वाकलेला माणूस. इथल्या पाण्याने तपकिरी झालेले दात. ते आमच्या सगळ्यांचेच तसे असतात, त्यामुळे गावात हसताना कुणी तोंडावर हात धरत नाही. गफ्सा शहराच्या पुढे गेलो की धरतो.

त्यांच्या वडिलांनी तीस वर्षं खाणीच्या बोगद्यात काढली. चार भावांतले हे एकटेच शिकले. स्फाक्सला जाऊन गणिताची पदवी घेतली, गावी परतले आणि सात वर्षं बसून राहिले. तेव्हा आमच्याकडे पदवी म्हणजे कॅफेत दिवसभर बसायचा परवाना होता. शेवटी त्यांनी पोस्टासमोर पब्लिनेट टाकलं. आठ संगणक, मध्ये आठ पडदे, दाराशी एक टेबल. गावाने इंटरनेट पहिल्यांदा तिथेच पाहिलं.

ठाण्यातला एक माणूस आठवड्यातून दोनदा यायचा. खुर्ची ओढायचा, एकेका संगणकापुढे बसायचा आणि कोण काय बघून गेलं ते शोधायचा. खाणीतल्या नोकरभरतीवरून गाव पेटलं त्या वर्षी तो रोज यायला लागला, कारण मोर्चाचे फोटो बाहेर पाठवणारी पोरं याच पडद्यांआड बसायची. सी लझहरनी तेव्हा संगणक असे बांधले की बंद करून चालू केले की त्यांना आदल्या माणसाचं काही म्हणता काही आठवायचं नाही. पोलीस गल्लीच्या तोंडाशी दिसला की सी लझहर टेबलाखालचं बटण दाबायचे. आठही संगणकांचे पडदे काळे व्हायचे आणि दोन मिनिटांनी नव्या नवरीसारखे उजळायचे.

"काय रे लझहर, तुझे संगणक कधीही बघावं तर कोरे कसे?"

"गरिबाघरचे आहेत, साहेब. दुपारी काय जेवले ते संध्याकाळी विसरतात."

त्या वर्षी गफ्साच्या तुरुंगात गावातली पुष्कळ पोरं गेली. पब्लिनेटमधलं एकही गेलं नाही. माझा लमीनमामा त्यांच्यातलाच एक. तो अजून म्हणतो, "मला आईने एकदा जन्म दिला आणि लझहरच्या बटणाने एकदा."

पब्लिनेटच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: घाबरू नका. बंद करून पुन्हा चालू करा. गिऱ्हाइकाची कसलीही तक्रार असो, ते मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवायचे.

देशात क्रांती झाली, फोन स्वस्त झाले, पब्लिनेट बंद पडलं आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी सी लझहरना शाळेत नोकरी लागली. लागताच त्यांनी एक ध्यास घेतला. आमच्या शाळेत संगणकशास्त्राची शाखा नव्हती. ती हवी असेल तर गफ्साला वसतिगृहात राहावं लागायचं. मुलगे जायचे. मुलींना घरून परवानगी मिळेल अशी घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी. सी लझहर तीन वर्षं अर्ज करत राहिले. चौथ्या वर्षी उत्तर आलं: प्रायोगिक तत्त्वावर मंजूर. पहिली तुकडी बाकलोरियाच्या, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, चांगली निघाली तर शाखा राहील, नाहीतर बंद.

ती पहिली तुकडी आम्ही. बारा जण, त्यांत आठ मुली.

संगणक फ्रान्समध्ये नांतला स्थायिक झालेल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने पाठवले. तिकडच्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले चौदा. डिस्क होत्या, पण पुसून कोऱ्या केलेल्या. सी लझहरनी आधी विंडोज घालून पाहिलं. संगणक सुरू होईपर्यंत तास संपायचा. मग त्यांनी लिनक्सचा एक हलका प्रकार शोधून काढला आणि एका आठवड्यात चौदाही उभे केले. म्हातारे टाळ्या वाजवत उठावेत तसे ते उठले.

पण एक अडचण राहिलीच. प्रोग्रॅमिंग शिकायला अभ्यासक्रमात मिफ्ताह नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्यात आज्ञा अरबीत लिहायच्या, उजवीकडून डावीकडे, आणि खालच्या चौकटीत उत्तर बघायचं. परीक्षाही मिफ्ताहमध्येच द्यायची. आणि मिफ्ताह चालायचं फक्त विंडोजवर. सी लझहरनी ते बनवणाऱ्या कंपनीला पाच पत्रं लिहिली. पाचव्याचं उत्तर आलं, एका ओळीचं: आमचं उत्पादन विंडोजसाठी आहे.

"हे मलाही ठाऊक होतं," सी लझहर म्हणाले आणि ते पत्र घडी करून डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

लिनक्सवर विंडोजचं सोंग आणणारा एक प्रोग्रॅम असतो. मिफ्ताहने विचारलं, विंडोज आहे का घरात, की तो आतून आवाज काढतो, आहे, आहे, या. मिफ्ताहने विचारलं, मुख्य ड्राइव्ह कुठे, की डिस्कवर विद्यार्थ्याला नेमून दिलेल्या कोपऱ्यातलाच एक फोल्डर दाखवतो, म्हणतो, हाच. या प्रोग्रॅमचं नाव वाइन. शाळेचे मुदीर, म्हणजे मुख्याध्यापक, सी हफनावींनी अहवालात तो शब्द वाचला आणि चष्मा काढला.

"सी लझहर, हे नाव कागदावर नको. इमामसाहेब पालक समितीत आहेत."

"प्रोग्रॅमचं नाव आहे ते, सी हफनावी. मी काय करू?"

"सरबत लिहा."

अहवालात सरबत गेलं. तेव्हापासून आम्हीही त्याला सरबतच म्हणायचो. "मस्यू, सातव्यावर सरबत नासलं!" अशी हाक वर्गात रोजची झाली.

आणि ते नासायचंच. पहिल्यांदा मिफ्ताहची खिडकी उघडली तेव्हा आम्ही ओरडलो, पण आत अक्षरं सुटी सुटी पडलेली. अरबी अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात, इथे मेलेल्या मुंग्यांसारखी पसरलेली. त्यात तीन आठवडे गेले. अक्षरं जुळली तर आकडे उलटे, चौदाच्या जागी एक्केचाळीस. ते सुलटे झाले तर 'चालवा' हे बटण दाबताच सगळंच गायब. सी लझहर प्रत्येक दोष एका वहीत लिहायचे, शेजारी काय करून पाहिलं ते, आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एकच शब्द: नाही.

ते गायब होणं महिनाभर चाललं. खरं कारण सापडलं विजदानला. विजदान आमच्यात सगळ्यांत हुशार, फॉस्फेटच्या मालगाडीवर काम करणाऱ्या अब्देस्सत्तारची मोठी मुलगी. ती कधी मोठ्याने बोलायची नाही. त्या दिवशी मात्र खुर्चीवरून उठून म्हणाली, "मस्यू, फोल्डरचं नाव अरबीत असलं की मरतं, फ्रेंचमध्ये असलं की मरत नाही. याला सगळं अरबी येतं, फक्त स्वतःच्या घराचा पत्ता वाचता येत नाही."

सी लझहर पाच मिनिटं हसत होते. मग त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली. "लिही. तुझ्या हाताने लिही. खाली सही कर."

फेब्रुवारीत मिफ्ताह चौदाही संगणकांवर चाललं. सी लझहरच्या बायकोने, सलुहाखालांनी, खजूर भरलेल्या मकरूदचा डबा पाठवला होता. सी लझहर एकेकाच्या पडद्यापाशी जाऊन वाकून बघायचे आणि एक मकरूद हातावर ठेवायचे. विजदानच्या हातावर दोन ठेवले.

"हिला दोन का?" अनवर म्हणाला.

"तू पत्ता शोध, तुलाही देतो."

विजदानचं ठरलं होतं. राजधानीत, ट्युनिसला, इंजिनिअरिंगची तयारी करून घेणारी दोन वर्षं, मग इंजिनिअर. तिचा बाप म्हणाला होता, इथे शाळेत राहून तेवढे गुण मिळवलेस तर ट्युनिसलाही पाठवीन. आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यात भरपूर जड होते.

एप्रिलमध्ये निरीक्षक तपासायला आले. सगळं पाहिलं, बोट फिरवून धूळ पाहिली, आणि दोन अटी घातल्या. उत्तरं मुख्य ड्राइव्हवर 'इम्तिहान' नावाच्या फोल्डरमध्ये, उमेदवाराच्या क्रमांकाच्या नावे साठवली गेली पाहिजेत. आणि पहिल्या गटाच्या कच्च्या कामाचा मागमूसही दुसऱ्या गटाला दिसता कामा नये.

दुसऱ्या अटीला सी लझहर खुशीत हसले. विसरणारे संगणक बांधण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोण होता? विद्यार्थ्याचा कोपरा प्रत्येक वेळी संगणक चालू होताना पुसून मूळ प्रतीवरून नव्याने भरायचा, ही पब्लिनेटचीच युक्ती. फक्त त्याच कोपऱ्यातला 'इम्तिहान' पुसला जाऊन चालणार नव्हता. म्हणून तो खरा फोल्डर त्यांनी कोपऱ्याच्या बाहेर, डिस्कच्या दुसऱ्या भागावर ठेवला, आणि आत फक्त त्याच्याकडे नेणारी एक जोड. दारावरची पाटी म्हणा. दार वेगळं, खोली वेगळी. आमच्यासमोर त्यांनी फाइल लिहिली, संगणक बंद केला, चालू केला. फाइल जागेवर. असं दहा वेळा केलं. निरीक्षकांनी सही केली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ते शेवटचं तपासायला बसले. मी आणि विजदान पंप मारायला होतो. चौथ्या संगणकावर अक्षरं पुन्हा सुटली.

"आज?" सी लझहर संगणकालाच म्हणाले. "वर्षभर काय करत होतास?"

कुठलीशी फाँटची फाइल बिघडली होती. दुरुस्ती पाच मिनिटांची. पण मग त्यांना वाटलं, उद्या दुसऱ्या एखाद्यावर हेच झालं तर? म्हणून त्यांनी चौथ्यावरचा दुरुस्त केलेला अख्खा कोपरा फ्लॅशवर, म्हणजे पेनड्राइव्हवर, घेतला आणि एकेक करून तेराही संगणकांवर, तिथल्या मूळ प्रतीवरही, ओतला. शेवटी चौथ्यावरही ओतला, सगळे एकसारखे असावेत म्हणून. संगणकांना जोडणाऱ्या तारा उंदरांनी केव्हाच संपवल्या होत्या, त्यामुळे फ्लॅशशिवाय मार्ग नव्हता. प्रत्येकावर मिफ्ताह उघडून अक्षरं जुळलेली पाहिली. 'इम्तिहान' उघडून पाहिला. होता.

बंद करून पुन्हा चालू करून मात्र पाहिलं नाही. ते दहा वेळा पाहिलं होतं. शिवाय गफ्साला जाणारी शेवटची लुआज, भाड्याची सामायिक गाडी, सुटायची वेळ झाली होती, आणि ती चुकवून चालणार नव्हती. आमच्याकडे नियम असा, की प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्या विषयाच्या मास्तराने स्वतःच्या शाळेत पाऊल ठेवायचं नाही. त्याला दुसऱ्या गावी सुपरवायझर म्हणून पाठवतात आणि दुसऱ्या गावचे त्याच्या शाळेत येतात. सकाळी सातला फोनसुद्धा काढून घेतात. सी लझहरना गफ्सा लागलं होतं.

जाण्याआधी त्यांनी येणाऱ्या सुपरवायझरांसाठी एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. सुवाच्य अक्षर, पाच मुद्दे. चौथा असा होता: फ्लॅश दिसली नाही तर घाबरू नका. संगणक बंद करून पुन्हा चालू करा. विद्यार्थ्याचं काहीही जाणार नाही.

"झोपा आज," दारात ते आम्हाला म्हणाले. "हुशारी नको करायला उद्या. वाचा, लिहा, साठवा. बाकी मशीन सांभाळून घेईल."

पहिल्या गटात सात जण होते, आठ वाजता. आम्ही उरलेले पाच ग्रंथालयात कोंडलेले, दोन गटांनी एकमेकांना भेटू नये म्हणून. यादी अक्षरक्रमाने केलेली आणि माझं आडनाव याकूबी, म्हणून मी शेवटच्या पाचांत. याहून मोठं काही कारण नाही.

आत काय झालं ते मला पुढे सुपरवायझर मादाम नज्वांनीच सांगितलं. सातही जण वेळेआधी उठले होते. विजदानने चारही प्रश्न सोडवले, उत्तरं दोनदा चालवून पाहिली, सही केली आणि बाहेर गेली. मग मादाम नज्वा आणि त्यांचे सोबती सी फेतही कामं फ्लॅशवर उतरवायला पहिल्या संगणकापाशी आले. फ्लॅश दिसेना. धुळीमुळे त्या खाचा कधी ओळख दाखवायच्या, कधी नाही.

"हे काय बुवा, विंडोज पण नाही," सी फेतही म्हणाले. "खेड्यातले लोक काय काय करतील."

"भिंतीवर कागद आहे बघा."

सी फेतहींनी वाचला. "बंद करून पुन्हा चालू करा. काही जाणार नाही म्हणतोय."

"मग करा."

"एकेक करत बसलो तर दुसरा गट ताटकळेल. सातही एकदम करतो."

सात पडदे काळे झाले. दोन मिनिटांनी उजळले. फ्लॅश दिसली. 'इम्तिहान' उघडला.

"यात काही नाहीये."

"क्रमांकाचा फोल्डर नाही?"

"काहीच नाही. दुसरा बघा."

"यातही नाही."

मादाम नज्वा मला म्हणाल्या, तिसऱ्या संगणकानंतर मी पहिला पुन्हा उघडून पाहिला गं. सात पोरं काही न लिहिता जातील का? एकीच्या तर बोटांचा आवाज दीड तास ऐकला होता मी.

आम्ही पाच जण आत गेलो तेव्हा दोघांचे चेहरे उतरले होते. "काम झालं की उठा. काही बंद करायचं नाही. कशाला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, नियमच असेल. आमची कामं चालू संगणकावरून उतरवली. आम्ही पास झालो.

सी लझहर दुपारी लुआजमधून उतरले तेव्हा हातात जर्दाळूंची पिशवी होती, बारा जणांसाठी. फाटकाशी आम्ही उभे होतो. विजदान पायरीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"मग? माझी माणसं काय म्हणतात?"

अनवर पुढे आला आणि म्हणाला, "मस्यू, आमचे सातांचे फोल्डर रिकामे निघाले."

ते पळत आत गेले, मी मागोमाग. मादाम नज्वा अहवाल लिहीत होत्या. त्यांच्यासमोरच सी लझहरनी संगणकात पाहिलं. अर्धा मिनिट लागला असेल. विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या फ्लॅशवर तसली जोड टिकत नाही. तिच्या जागी त्याच नावाचा साधा फोल्डर येऊन बसतो. दिसायला हुबेहूब तोच. आदल्या दुपारी त्यांनी चौदाही ठिकाणी पाटी काढून तिथे त्याच नावाची खोटी खोली बसवली होती. पोरांनी जे लिहिलं ते कोपऱ्यातच साठलं, आणि कोपरा चालू होतानाच कोरा झाला. आता त्या जागेवर नवं लिहून झालं होतं. खणून काढायलाही काही उरलं नव्हतं.

"माझा कागद," ते म्हणाले. "माझ्या कागदावरून केलंत तुम्ही."

मादाम नज्वांनी लिहिणं थांबवून पेन मिटलं.

सी लझहर तसेच कारकुनाच्या खोलीत गेले. उभ्याउभ्या अर्धं पान लिहिलं, सही केली आणि विभागीय समितीला फॅक्स करायला लावलं. मग मुदीरांच्या खोलीत आले. मला तिथे विद्यार्थ्यांच्या वतीने बसवलं होतं. सी हफनावी नियमांचं पुस्तक उघडून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी होती.

"ये, लझहर. सापडलं. ऐक. वीज गेली किंवा मशीन आपोआप थांबलं तर गटाला राखीव दिवशी पुन्हा बसता येतं. मादाम नज्वा, वीज गेली होती ना? बीर लहमरमध्ये वीज जाते, हे आभाळालाही माहीत आहे."

मादाम नज्वांनी हातातलं पेन दोनदा उघडलं, मिटलं. "गेली असेल. मी दिव्यांकडे बघत नव्हते. गेली होती. लिहिते."

"झालं तर. सोमवारी परत बसतील. लझहर, तूही दोन ओळी लिही."

"मी लिहिल्यात," सी लझहर म्हणाले. "पाठवल्यासुद्धा."

"काय लिहिलंस?"

"झालं ते. संगणक बरोबर चालले. चूक माझ्या मांडणीची आणि माझ्या कागदाची. सुपरवायझरांचा दोष नाही, मुलांचा नाही. मला शिक्षा करा आणि मुलांना पुन्हा बसू द्या."

सी हफनावींनी पुस्तकातल्या कलमावरचं बोट उचललं. "संगणक बरोबर चालले," ते सावकाश म्हणाले. "असं लिहिलंस? अरे गाढवा. जगातलं एवढं एकच वाक्य लिहायचं नव्हतं."

"मला वाटलं, मी कबूल केलं तर..."

"तू कबूल केलंस म्हणून त्यांना आता चौकशीच करायला नको!"

सी लझहरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात अजून जर्दाळूंची पिशवी होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

समितीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. यंत्रं बंद पडल्याची नोंद नाही, सबब फेरपरीक्षेचं कलम लागू नाही. सात उमेदवारांना प्रात्यक्षिकात शून्य.

सातांपैकी पाच नापास झाले. अनवर आणि विजदान थोड्या गुणांनी हुकलेल्यांसाठी असते त्या दुसऱ्या फेरीत कसेबसे निघाले. विजदानचे गुण इतके खाली आले की ट्युनिसच्या यादीत नाव शोधायलाही ती गेली नाही. भलत्याच गावी भलताच अभ्यासक्रम मिळाला, तो तिने वर्षात सोडला. शाखा बंद झाली. नापास झालेल्या पाचांना पुन्हा बसायचं तर गफ्साला राहावं लागणार होतं. दोन मुलगे गेले. तीन मुली घरी राहिल्या.

विजदानचा बाप एकदा शाळेच्या फाटकाशी आला होता, भांडायला असं सगळ्यांना वाटलं. सी लझहर बाहेर गेले. अब्देस्सत्तार म्हणाला, "मी गाडीवर ब्रेक बघतो, सी लझहर. बावीस वर्षं झाली. दहादा तपासलेला ब्रेकही डबा बदलला की अकराव्यांदा तपासतो. तुम्ही तर शिकलेले."

सी लझहर "हो" म्हणाले.

त्या उन्हाळ्यात त्यांनी सातही जणांना निरोप पाठवला, एकेकट्याने घरी या. घरातल्या संगणकावर मिफ्ताह होतं. त्या दिवशी काय लिहिलं होतं ते आठवून पुन्हा लिहा, म्हणाले. वीस-पंचवीस दिवसांपूर्वीचं काम, ते पोरांना पाठ होतं. सहा जण येऊन लिहून गेले. सी लझहरनी प्रत्येकाच्या क्रमांकाचा फोल्डर केला, प्रोग्रॅम चालवला, तपासला, गुण दिले. वीसपैकी सोळा, अठरा, साडेचौदा. सलुहाखाला माझ्या आईपाशी रडल्या. "कुणीतरी सांगा गं याला. तपासून झालं की हा फाइल हातात धरल्यासारखा बसून राहतो. द्यायची कुणाला?"

विजदान गेली नाही. सी लझहरनी तीनदा निरोप पाठवला.

याला आता सहा वर्षं झाली. ते खालच्या वर्गांना गणित शिकवतात. संगणकांच्या खोलीला कुलूप आहे आणि पंप शिपायाने घरी नेला. मी शिकले, नोकरीला लागले. परीक्षेत त्या दिवशी पाचांत होते म्हणून. मागच्या ईदला त्यांना भेटायला गेले तर चहा देता देता त्यांनी संगणक उघडला आणि मला ते फोल्डर दाखवले. सहा भरलेले. सातवा विजदानच्या क्रमांकाचा, रिकामा.

"हिचा राहिलाय," ते म्हणाले. "भेटते का तुला? चौथा प्रश्न तिने कसा सोडवला असेल? मी तीन रीतींनी करून पाहिला. तिची रीत वेगळी असणार."

मी विजदानला फोन केला. ती स्फाक्सच्या एका कॉल सेंटरमध्ये आहे, दिवसभर फ्रान्समधल्या लोकांना त्यांचं इंटरनेट का बंद पडलं ते सांगते. कामावर तिचं नाव सोफी आहे. सुरुवातीचं वाक्य ठरवून दिलेलं आहे, ती म्हणाली, आधी बंद करून पुन्हा चालू करा. दिवसातून ऐंशी वेळा म्हणावं लागतं. मग तीच म्हणाली, "हसलीस तरी चालेल गं. मी पहिल्या दिवशी हसले होते."

मी सी लझहरच्या रिकाम्या फोल्डरचं सांगितलं. मागे तिच्यासारख्याच पन्नास मुलींचे आवाज येत होते.

"आठवतं ना तुला, चौथा?" मी विचारलं.

"ओळ न् ओळ."

"मग लिहून पाठव ना. त्यांच्यासाठी."

"त्यांच्यासाठी काय? गुण देतील, वीसपैकी वीस देतील, आणि मग त्यांच्याकडचं सगळं पुरं होईल." ती भांडत नव्हती, बोलत होती नुसती. "नाही. राहू दे तसाच. आणि हे सांगू नकोस त्यांना. सांग, ती विसरली."

मागून कुणीतरी सोफी म्हणून हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

मी त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. या ईदला गावी जायचं आहे. ते विचारतील.